'लोकशाहीर' या पदवीआड गेलेला कादंबरीकार

गेल्या पावसाळ्यात आमची एक जुनी विद्यार्थिनी करारनाम्याचा कागद घेऊन भेटायला आली. तिने तीन कादंबऱ्या लिहिल्या आहेत. एक रहस्यकथा, एक प्रेमकथा आणि तिसरी कचऱ्यातून भंगार वेचणाऱ्या बाईची. तिन्ही एका प्रकाशकाने वाचल्या होत्या आणि दोन प्रश्न विचारले होते. पहिला, 'तुम्ही नक्की कोणत्या प्रकारच्या लेखिका?' दुसरा, 'सही कधी करता?' कागदावर लिहिले होते की पुस्तकाचे सर्व हक्क कायमचे प्रकाशकाकडे राहतील आणि मोबदल्यात लेखिकेला पंचवीस प्रती मिळतील. "सर, मॅडम, करू का सही?" एवढेच तिचे विचारणे होते.

आम्ही दोघे देवनारच्या परिसरात मराठी शिकवतो. आमच्या बऱ्याच मुलामुलींच्या पत्त्यात 'साठे नगर' असते. मुंबईचा कचरा १९२७ पासून ज्या देवनारला येत राहिला, त्याच्या शेजारी मानखुर्दच्या अंगाला ही वस्ती आहे. पहिल्या वर्षाच्या वर्गात आम्ही विचारतो, हे साठे कोण? उत्तर तात्काळ येते : लोकशाहीर अण्णा भाऊ साठे. जयंतीची मिरवणूक, निळे-पिवळे झेंडे, 'माझी मैना' हे सगळे ठाऊक असते. मग आम्ही विचारतो, त्यांच्या पाच कादंबऱ्यांची नावे सांगा. 'फकिरा' येते, आणि वर्ग गप्प होतो. दोष मुलांचा नाही. आम्ही एम.ए. केले तेव्हा आमचीही गत याहून फार निराळी नव्हती. 'फकिरा' आम्हाला दलित साहित्याच्या प्रश्नपत्रिकेत भेटली, वारणेचे खोरे प्रादेशिक कादंबरीच्या टिपणात एका ओळीत आले, आणि शाहिरी लोकसाहित्याच्या पेपरात. या तिन्ही ठिकाणचा माणूस एकच आहे आणि तो लेखणीवर पोट भरणारा धंदेवाईक कादंबरीकार होता, हे आम्हाला कुणी सांगितले नाही.

'धंदेवाईक' हा शब्द मराठी समीक्षेत शिवीसारखा वापरला जातो. येथे तो तसा नाही. ज्याचे घर लिहिण्यावर चालते तो, एवढाच त्याचा अर्थ. 'लोकशाहीर' या पदवीचा आम्हाला आदर आहे, परंतु तिने एक घोटाळा केला. अण्णा भाऊंनी सुमारे पस्तीस कादंबऱ्या लिहिल्या. कथासंग्रह, लोकनाट्ये, पवाडे, लावण्या आणि एक प्रवासवर्णन निराळेच. पदवीच्या उजेडात मंचावरचा शाहीर दिसत राहिला आणि मागे रात्र-रात्र लिहीत बसलेला माणूस अंधारात गेला.

तुकाराम भाऊराव साठे यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० चा, वाळवा तालुक्यातील वाटेगावचा. शाळा दीड दिवसाची. वडिलांबरोबर पायी मुंबईला येणे, गिरणीतले काम, माटुंग्याच्या लेबर कॅम्पात कम्युनिस्ट कार्यकर्त्यांच्या सहवासात झालेले खरे शिक्षण, या गोष्टी वाचकांना ठाऊक असतील. १९४३ साली स्तालिनग्राडचा पवाडा आणि १९४४ साली अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांच्यासह 'लाल बावटा कलापथक'. येथवरचा काळ हा शाहिराचाच आहे. त्या काळातला शाहिरी व्यवहार मात्र ध्यानात ठेवायला हवा. शाहीर गातो, समोर गिरणगाव बसलेले असते, दाद आणि नापसंती तेथेच कळते. पवाड्याच्या आणे-दोन आण्यांच्या पुस्तिका जागीच विकल्या जात. लिहिणारा आणि ऐकणारा यांच्यामध्ये तिसरा माणूस नसे.

ही वाट पुढे सरकारने अडवली. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत मुंबई राज्यात तमाशावर आणि कलापथकाच्या कार्यक्रमांवर बंदी आली. तमाशा बंद तर तोच जिन्नस 'लोकनाट्य' या नावाने उभा करण्याची युक्ती अण्णा भाऊंनी केली, ती आज नाट्येतिहासाचा भाग झाली आहे. याच सुमारास, १९४९ साली, 'मशाल'मध्ये त्यांची 'माझी दिवाळी' ही कथा छापून आली. त्यांचे गद्य लेखन वाढत गेले ते या काळानंतर. बंदी आली म्हणून ते कथाकार झाले असे सोपे समीकरण आम्ही मांडणार नाही, पण मंचाची वाट बेभरवशाची झाल्यावर छापील पानाकडे वळणे ही पोटाचीही गरज होती, एवढे म्हणायला हरकत नसावी. आणि छापील पान म्हटले की तिसरा माणूस आलाच.

येथे थोडे मागे जावे लागेल. एकाच लेखकाने निरनिराळ्या जातींच्या कादंबऱ्या लिहाव्यात ही गोष्ट मराठीला नवी नव्हती. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' हे साप्ताहिक काढले. त्यातूनच 'पण लक्षात कोण घेतो?' ही सामाजिक आणि 'उषःकाल' ही ऐतिहासिक कादंबरी वाचकांपुढे आली. वाचक कोण, अंक कधी, मजकूर किती, हे सारे ठरवणारे हरिभाऊच. चरितार्थाला पुण्याच्या आनंदाश्रमाची व्यवस्था होती. नाथमाधवांनी 'वीरधवल'सारखी अद्भुतरम्य, 'डॉक्टर'सारखी सामाजिक आणि स्वराज्याच्या मालेतील ऐतिहासिक अशा तिन्ही तऱ्हा हाताळल्या. पण आमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाला सगळ्यात जवळचे उदाहरण नारायण हरी आपटे यांचे. साताऱ्याजवळच्या कोरेगावात राहून त्यांनी ऐतिहासिक, सामाजिक, कौटुंबिक असे विपुल लिहिले आणि स्वतःची प्रकाशनसंस्थाही चालवली. त्यांच्या 'भाग्यश्री'वरून प्रभातचा 'अमृतमंथन' (१९३४) आणि 'न पटणारी गोष्ट'वरून 'कुंकू' (१९३७) निघाला. लेखक स्वतंत्र असतो म्हणजे काय, याचा मराठीतला एक सरळ नमुना कोरेगावात होता : लिहिणारा हात आणि छापून विकणारा हात एकाच माणसाचा.

दोन्ही आपटे आणि नाथमाधव यांच्यापाशी काही ना काही होते. घर होते, शिक्षण होते, ओळखी होत्या, कुणापाशी साप्ताहिक, कुणापाशी प्रकाशन. अण्णा भाऊंपाशी घाटकोपरच्या चिरागनगरातली एक झोपडी होती. देवनारहून घाटकोपर लांब नाही, मध्ये चेंबूर तेवढे. मुलांना घेऊन आम्ही एकदा तेथे गेलो होतो. लालबहादूर शास्त्री मार्गावरून आत वळले की गल्ली अशी अरुंद होत जाते की समोरून हंडा घेऊन बाई आली तर भिंतीला चिकटून उभे राहावे लागते. या वस्तीत बसून त्यांनी 'फकिरा' लिहिली, आणि 'चिरागनगरची भुतं' या नावाने वस्तीलाच कथेत आणले.

त्यांच्या कादंबऱ्यांची नुसती यादी पाहिली तरी हरिभाऊ-नाथमाधवांच्या परंपरेतला हा लेखक आहे हे कळते. 'चित्रा' ही मुंबईतल्या बाईच्या बाजाराची. 'वैजयंता' तमासगीर स्त्रीची. 'वारणेच्या खोऱ्यात' आणि 'मास्तर' स्वातंत्र्यलढ्याच्या दिवसांतल्या. 'अग्निदिव्य' ऐतिहासिक. 'माकडीचा माळ' गावोगाव भटकणाऱ्या, पाल ठोकून राहणाऱ्या जमातींची, आणि ती आली १९६३ साली, जेव्हा भटक्या-विमुक्तांचे साहित्य असा शब्दप्रयोगही रूढ नव्हता. 'आवडी' आणि 'अलगुज' प्रेमाच्या, सूडाच्या. 'चंदन' पुन्हा मुंबईच्या झोपडपट्टीतली. आज एखाद्या तरुण लेखकाने एवढ्या जातींचे लिखाण केले तर त्याला आम्ही 'प्रयोगशील' म्हणू. अण्णा भाऊंना हा शब्द कुणी लावला नाही. त्यांच्या बाबतीत हे वैविध्य दोन गोष्टींतून आले असे आम्हाला वाटते. एक, त्यांनी जे जगले-पाहिले त्याचा पल्लाच तेवढा होता : गाव, गिरणी, तमाशा, चळवळ, झोपडपट्टी. दुसरी गोष्ट कमी गौरवाची आहे. एकरकमी मोबदल्यावर पुस्तक देण्याचा रिवाज असला की लेखकाला पुढचे पुस्तक लवकर लिहावे लागते. मागच्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली तरी त्याच्या चुलीला त्याचा उपयोग नसतो.

म्हणून त्यांच्या कादंबऱ्या सारख्या उतरलेल्या नाहीत, आणि हे स्पष्ट बोलायला हवे. काही कादंबऱ्यांत खलनायक पहिल्या प्रकरणातच ओळखू येतो, नायिका अडचणीत सापडते ती ठरलेल्या ठिकाणी, आणि शेवट घाईने गुंडाळलेला असतो. भक्तिभावाने लिहिणारे हे सांगत नाहीत, आणि नाक मुरडणारे समीक्षक एवढेच सांगतात. वाचनालयातून दोन-तीन दिवसांसाठी कादंबरी नेणारा वाचक त्या काळच्या प्रकाशन व्यवसायाचा आधार होता, आणि त्याला गोष्ट वेगाने पुढे जायला हवी असे. अण्णा भाऊंना ही नस ठाऊक होती. मंचावर प्रेक्षक उठून जाण्याआधी कथा वळवायची सवय त्यांच्या गद्यातही उतरली आहे. त्यांचे वाक्य छोटे, क्रियापद ठोस, आणि प्रसंग डोळ्यांपुढे उभा राहील असा.

हीच सवय 'फकिरा'मध्ये (१९५९) फळाला आली. शेजारच्या गावची जोगणी पळवून आणायची, म्हणजे आपल्या गावात जत्रा भरेल, असा गावगाड्याचा रिवाज. राणोजी मांग ती आणतो आणि परतीच्या वाटेवर मारला जातो. गावाची अब्रू मांगाच्या शिरावर उभी राहते, आणि त्याच गावात मांगाला हजेरी द्यावी लागते. राणोजीचा मुलगा फकिरा पुढे दुष्काळात उपाशी माणसांसाठी लूट करतो आणि अखेरीस आपली माणसे सोडवण्यासाठी इंग्रजांच्या हाती स्वतःला देतो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसांच्या जन्मावरच चोरीचा शिक्का मारला होता. तो कायदा रद्द झाला १९५२ साली, आणि सात वर्षांनी ही कादंबरी आली. ज्या माणसांची नोंद पोलिसांच्या वहीत होती त्यांना तिने नायक केले. वि. स. खांडेकरांनी प्रस्तावना लिहिली, अण्णा भाऊंनी ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली, आणि १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. कम्युनिस्ट चळवळीतून आलेल्या लेखकाच्या पुस्तकाला खांडेकरांची प्रस्तावना आणि बाबासाहेबांना अर्पण, ही गोष्ट आम्हाला नेहमी विचार करायला लावते. तिन्ही गटांतल्या कुणालाही हा माणूस पुरता आपला म्हणता आला नाही. १९५८ साली मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन त्यांनीच केले, ही पृथ्वी दलित आणि श्रमिकांच्या तळहातावर तरली आहे असे ते तेथे म्हणाले, आणि त्यानंतरही वर्षानुवर्षे त्यांची गणना कुठे करावी यावर वाद होत राहिला.

आमच्या मुलांना मात्र 'फकिरा'पेक्षा 'स्मशानातील सोनं' अधिक भिडते, आणि त्याचे कारण देवनार आहे. ही कथा मुंबईच्या एका उपनगरातली. भीमा हा वारणेकाठचा आडदांड माणूस दगडाच्या खाणीत काम करतो. खाण बंद पडते, आणि तो मसणवट्यातली राख चाळून सोने शोधू लागतो. मग पुरलेली मढी उकरतो, कोल्ह्यांशी झुंजतो, एका प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात. दोन बोटे गमावून तो घरी पडतो, तेव्हा कळते की खाण पुन्हा सुरू झाली. वर्गात आम्ही कथा थांबवून विचारले, भीमा गुन्हेगार आहे का? मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "सर, आमच्याकडे तांबं शोधतात. वायर जाळून." पुढे तो काही बोलला नाही. समीक्षेच्या पुस्तकांत या कथेची तुलना युरोपीय वास्तववादाशी केलेली आढळते. आमच्या वर्गात ती गरज पडत नाही.

असो. मूळ मुद्दा हक्कांचा. १९६१ साली अण्णा भाऊ सोव्हिएत रशियाला जाऊन आले, 'माझा रशियाचा प्रवास' लिहिले. त्याच वर्षी 'वैजयंता'वर गजानन जागीरदारांनी चित्रपट काढला. १९६३ साली 'फकिरा' पडद्यावर आला. १९६९ साली 'आवडी'वरून 'टिळा लाविते मी रक्ताचा' आणि 'माकडीचा माळ'वरून 'डोंगरची मैना' निघाले, १९७० साली 'वारणेचा वाघ'. तीसहून अधिक कादंबऱ्या आणि इतके चित्रपट नावावर असलेला हा लेखक १९६८ पर्यंत झोपडपट्टीत राहत होता. त्या वर्षी शासनाकडून गोरेगावला एक छोटे घर मिळाले. तेथे १८ जुलै १९६९ रोजी, वयाची एकोणपन्नास वर्षे पुरी होण्याआधी, ते गेले. पुस्तके विकली गेली नाहीत म्हणून ते गरीब राहिले असे म्हणता येत नाही. 'फकिरा'च्या आवृत्त्या निघतच राहिल्या. लेखकाचा पैसा आणि पुस्तकाचा पैसा यांची वाट एक नव्हती, इतकेच.

कायदा काय म्हणतो हे आम्ही विद्यार्थिनीच्या निमित्ताने पहिल्यांदा नीट वाचले. मराठीच्या अभ्यासक्रमात ही गोष्ट कोठेही नाही. १९५७ चा स्वामित्वहक्क कायदा अण्णा भाऊंच्या ऐन उमेदीच्या काळात, २१ जानेवारी १९५८ पासून लागू झाला. आज त्यात अशी तरतूद आहे की हक्क किती काळासाठी दिले ते करारात लिहिले नसेल तर ते पाच वर्षांसाठीच दिले असे समजावे. ही तरतूद १९९४ च्या दुरुस्तीने आली. अण्णा भाऊंना तिचा उपयोग नव्हता. आणि 'कायमचे' असा शब्द लिहून घेतला की आजच्या लेखकालाही तिचा उपयोग उरत नाही. आमच्या विद्यार्थिनीच्या कागदावर तोच शब्द होता.

आणखी एक तारीख सांगण्यासारखी आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर हक्क किती वर्षे टिकावेत, याची मुदत मूळ कायद्यात पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथांच्या साहित्याची मुदत संपत आली तेव्हा, १९९२ साली, ती साठ केली गेली. त्या हिशेबाने अण्णा भाऊंच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन ३१ डिसेंबर २०२९ नंतर सर्वांसाठी खुले होईल. १९९८ साली राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने त्यांच्या निवडक वाङ्मयाचा जाड ग्रंथ काढला, २००२ साली टपाल खात्याने तिकीट काढले, २०२२ साली मॉस्कोत पुतळा उभा राहिला. २०३० उजाडल्यावर त्यांच्या कादंबऱ्या कुणीही छापू शकेल. कोण छापेल, कशा छापेल, पाठभेद कोण तपासेल, हे काम मराठीच्या प्राध्यापकांचे आहे असे आम्हाला वाटते आणि आम्ही ते अजून सुरू केलेले नाही. निरनिराळ्या आवृत्त्यांची जुळणी करायची म्हटले तरी आधी त्या गोळा कराव्या लागतील. आम्ही आमच्या ग्रंथालयात शोधले तेव्हा त्यांची पुस्तके तीन कपाटांत सापडली : लोकसाहित्य, दलित साहित्य, ग्रामीण साहित्य. 'अग्निदिव्य' तिन्हींत नव्हती.

विद्यार्थिनीला आम्ही सही करू नको असे सांगितले नाही. तिला कुठे तरी छापून यायचे आहे आणि ते तिचे वय आहे. एवढेच सुचवले की 'कायमचे' हा शब्द काढून मुदत घाल, आणि पंचवीस प्रतींच्या जोडीला दर प्रतीमागे काही टक्के लिहून माग. तिने तसे लिहून पाठवले. प्रकाशकाचे उत्तर आले की आमच्याकडे अशी पद्धत नाही. तिने आमच्याकडून 'माकडीचा माळ' वाचायला नेली. परत करायला आली तेव्हा करारनाम्याविषयी काही बोलली नाही. शंभर प्रती स्वतः छापायला किती खर्च येतो, हे मात्र तिने गोवंडीच्या एका छापखान्यात जाऊन विचारले होते, आणि तो हिशेब वहीच्या मागच्या पानावर मांडून आणला होता. भंगारवालीची कादंबरी आधी, रहस्यकथा नंतर, असे तिने ठरवले आहे.